रांग सोडायची नाही

मांजर वाघाची मावशी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उंदरांची मावशी कोण, हे मात्र फक्त त्या संशोधन केंद्रातल्या लोकांना माहीत होतं. तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला, एकामागे एक दोन दारं उघडून आत गेलं की उंदीरखोली लागे. दारावरच्या पाटीवर तिचं चांगलं दीड ओळीचं नाव होतं, पण ते आजवर कुणी शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. संचालकांपासून पाण्याचे जार आणणाऱ्यापर्यंत सगळे तिला मावशीची खोली म्हणत. मावशीचं स्वतःचं नाव हजेरीपटात होतं आणि तिथे ते बिनघोर पडून होतं.

मावशी आधी एका बेकरीत पीठ मळायची. नवरा अचानक गेला, लेक तेव्हा सातवीत होती, आणि त्याच वर्षी बेकरीही बंद पडली. संकटं येतात ती जोडीनेच. कुणीतरी सांगितलं की केंद्रात पिंजरे धुवायला बाई हवी आहे. ही आली. पहिल्याच पिंजऱ्याचं झाकण उघडलं, तर आतला पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, वीतभर लांबीचा उंदीर मागच्या पायांवर उभा राहून पाहुण्या बाईकडे निरखून बघायला लागला. बाई थेट टेबलावर. "तो मला बघून उभा राहिला, मी त्याला बघून उभी राहिले," मावशी सांगायची. "फरक एवढाच, की तो पिंजऱ्यात होता आणि मी टेबलावर." जेवणाच्या सुट्टीपर्यंत नोकरी सोडायची असं तिने ठरवलं होतं. त्या गोष्टीला आता पंचवीस वर्षं झाली. जेवणाची सुट्टी काही अजून झाली नव्हती म्हणायची.

तिच्या बोटांची ख्याती झाली ती पहिल्याच वर्षी. पाण्याच्या बाटल्या बदलताना एक उंदरीण तिने हातात घेतली होती. भीती एव्हाना गेलेली. उंदरिणीच्या पोटावरून सहज बोटं फिरवली आणि ती म्हणाली, "मॅडम, हिच्या पुढच्या पायाखाली काहीतरी आहे."

मॅडम म्हणजे त्या खोलीतल्या सगळ्या प्रयोगांच्या मालकीण. बाई मोठ्या हुशार, पण चष्मा कपाळावर सरकवून सगळ्या टेबलांवर शोधत फिरायच्या. त्यांनी चाचपून बघितलं. काही लागलं नाही. "तुम्हाला भास झाला," त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात मॅडमच्या बोटांनाही ती गाठ लागली. तेव्हा त्यांनी मावशीला समोर बसवून विचारलं, की हे तुम्ही शिकलात कुठे?

"बेकरीत," मावशी म्हणाली. "पिठात मोहरीएवढी गुठळी राहिली तरी आमचा मालक अख्खा गोळा पुन्हा मळायला लावायचा. चौदा वर्षं मळलंय मी."

त्या दिवसापासून पिंजरे धुवायला दुसरी बाई आली आणि मावशी तपासणीला बसली. दर मंगळवारी सकाळी आठ वाजता ती हातमोजे चढवी आणि पहिल्या पिंजऱ्यापासून सुरुवात करी. डाव्या हातात उंदरीण अलगद उताणी धरायची, उजव्या हाताची दोन बोटं गळ्यापासून मांडीपर्यंत न्यायची. उंदरिणीला दुधाच्या सहा जोड्या, म्हणजे बारा जागा. बारा म्हणजे बारा. कुठे गाठ लागली तर ती मोठ्याने सांगायची: कुठली बाजू, केवढी, मऊ की कठीण, हलते की नाही. समोर बसलेली मुलगी ते लिहून घ्यायची. पिंजऱ्यावर फक्त नंबर असे. कुठल्या उंदरिणीचं काय केलंय, ते सांगणारा कागद मॅडमच्या कुलपात. मावशीने तो बघायचा नाही, विचारायचा नाही, ओळखायचा प्रयत्नही करायचा नाही. मॅडमचं म्हणणं असं, की आधी कळलं तर बोट प्रामाणिक राहत नाही.

प्रयोग होता स्तनाच्या कॅन्सरचा. काही उंदरिणींना लहान वयातच पिल्लं होऊ दिली होती. काही तशाच होत्या. आणि काहींना पिल्लं नाहीत, पण गर्भारपणात शरीरात जी हार्मोन्स वाढतात ती त्यांच्या कातडीखाली बारीक नळीतून तीन आठवडे सोडली होती. उंदरिणीचं गर्भारपण साधारण तेवढंच. नंतर सगळ्यांना गाठ आणणारं एकच औषध दिलं, आणि मग मंगळवारमागून मंगळवार बघत बसायचं, कुणाला गाठ येते आणि कुणाला नाही.

एकदा चहा पिताना मावशीने विचारलं, की अहो, ह्या हार्मोन्सनी होतं तरी काय? मॅडमनी कपाळावरचा चष्मा शोधला, सापडला नाही, आणि तशाच सांगू लागल्या.

"मावशी, दुधाच्या नळ्यांच्या टोकाला कच्च्या पेशी असतात. पोरं खेळतात तशा, कामाधामाच्या नाहीत. गर्भारपणातली हार्मोन्स त्यांना कामाला लावतात. पेशी पक्क्या होतात, दूध करायला शिकतात. आणि कामाला लागलेलं माणूस सहसा बिघडत नाही, तशी पक्की झालेली पेशीही सहसा बिघडत नाही. म्हणून लहान वयात बाळंतपण झालं तर पुढे आयुष्यभर हा आजार कमी होतो."

"मग चांगलंच की."

"थांबा. वाफ्यात पाणी सोडलं की रोप जोर धरतं. पण तण आधीच रुजलेलं असेल, तर तेही तेच पाणी पितं. एखादी बिघडलेली पेशी आधीच लपून बसली असेल, तर त्या हार्मोन्सनी तीही फोफावते. म्हणून बाळंतपणानंतर काही वर्षं धोका उलट थोडा वाढतो आणि मग उतरतो. पहिलं मूल उशिरा झालं तर तो जास्त जाणवतो, आणि पुढचा फायदाही तेवढा मिळत नाही."

मावशीने हे ऐकलं, डोक्यात ठेवलं, आणि त्यातलं अर्धंच वापरलं. माणसाची हीच खोड असते. जे गोड ते लक्षात राहतं.

एकदा ही खोड तिला चांगलीच नडली. पिल्लं झालेली उंदरीण पोटाकडे नुसतं बघितलं तरी ओळखू येते. कागद कुलपात असला म्हणून काय झालं, मावशीला डोळे होते. वर्षभरात तिच्या लक्षात आलं की आयांना गाठी फारशा येत नाहीत. मग झालं. आई झालेली उंदरीण हातात आली, की तिची बोटं जरा घाईने फिरायला लागली. बाराच्या जागी दहा, कधी आठ. "हिला काय होतंय, लेकुरवाळी आहे," असं मनात म्हणायचं आणि पुढचा पिंजरा. प्रयोग संपल्यावर मॅडमनी सगळ्यांना आतून तपासलं, तेव्हा अठ्ठावन्न नंबरच्या आईत एक गाठ निघाली. चांगली चण्याएवढी. तक्त्यावर तिच्या नंबरापुढे दहा आठवडे सलग 'काही नाही'.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त तो तक्ता मावशीसमोर ठेवला आणि म्हणाल्या, "कमी आणि नाही, यात फरक आहे मावशी."

मावशी घरी जाऊन रडली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. त्या दिवसापासून तिने स्वतःसाठी एक नियम केला: रांग सोडायची नाही. समोरची कितीही धडधाकट दिसो, कितीही ओळखीची असो, बाराच्या बारा जागा बघितल्याशिवाय ती हातातून खाली ठेवायची नाही. नव्या मुली कंटाळून म्हणायच्या, "मावशी, अहो ही तर गेल्याच मंगळवारी तपासली ना?" मावशी म्हणायची, "गेल्या मंगळवारची गेल्या मंगळवारी होती."

आता गोष्ट लेकीची. मावशीची लेक शाळेची बस चालवायची. चाळीस पोरं मागे कल्लोळ करत असताना ही एका हाताने वळण घ्यायची, अशी खमकी. लग्न केलं चौतिसाव्या वर्षी, तेही स्वतःच ठरवून, एका शांत घड्याळदुरुस्तीवाल्याशी. जावई इतका शांत, की तो खोलीत आहे हे त्याच्या हातातल्या घड्याळामुळेच कळायचं. घरात त्याची आईही राहायची. ती मावशीची विहीण.

विहीणबाई म्हणजे वेगळंच प्रकरण. अठराव्या वर्षी पहिलं मूल, सव्वीस व्हायच्या आत चार. चारही पोरं ठणठणीत वाढवली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. पहिल्या भेटीत त्यांनी मावशीला विचारलं, "आपण काय करता?"

"उंदरांच्या गाठी तपासते," मावशी म्हणाली.

विहीणबाईंनी बिस्किटांची बशी हळूच स्वतःकडे ओढून घेतली. मावशीच्या ते लक्षात आलं. आता ह्या बाईला जिंकायला हवं, असं तिच्या मनाने घेतलं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "विहीणबाई, एक सांगू? तुमच्यासारख्या, लवकर लेकुरवाळ्या झालेल्यांना ह्या गाठी कमी होतात. आमच्या प्रयोगात तसंच दिसतंय."

बशी परत मधोमध आली. आणि विहीणबाईंनी ते वाक्य गल्लीभर नेलं. "मला विज्ञानाने सर्टिफिकेट दिलंय," त्या म्हणायच्या. पुढे गल्लीत दवाखान्याची तपासणीची गाडी आली, बायका रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा ह्या खिडकीतून म्हणाल्या, "तुम्ही उभ्या राहा बायांनो, माझी चार बाळंतपणं झालीत." मावशीला हे कळलं तेव्हा ती हसली. तेव्हा हसली, एवढं लक्षात ठेवा.

लेकीला सदतिसाव्या वर्षी मुलगी झाली. गोल चेहऱ्याची, बापासारखी शांत. बाळ चार महिन्यांचं झालं आणि लेकीला उजव्या बाजूला, खालच्या अंगाला गाठ लागली. विहीणबाई म्हणाल्या, दुधाची आहे, गरम पाण्याने शेका. मावशी रविवारी आली होती, तिला लेकीने स्वयंपाकघरातच, गॅसवर दूध ठेवलेलं असताना दाखवली. मावशीने हात लावला आणि म्हणाली, "दुधाचीच आहे गं."

मंगळवारी ती पिंजऱ्यांसमोर बसली, पहिली उंदरीण हातात घेतली, आणि थबकली. रविवारी आपण किती वेळ बघितलं? दूध उतू जायच्या आत बघितलं. आणि 'दुधाचीच आहे' हे आपण कधी म्हणालो? हात पोचायच्या आधी तोंड पोचलं होतं. लेक होती, म्हणून तिला काही होऊच नये असं मन सांगत होतं आणि बोटाने मुकाट्याने मान डोलावली. लेकीचं वय सदतीस. पहिलं मूल. मॅडमचा वाफा आणि त्यातलं तण तिला लख्ख आठवलं. मन चिंती ते वैरी न चिंती. तिच्या हातातली उंदरीण चुळबुळ करायला लागली तेव्हा ती भानावर आली.

तिने मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुमचं बोट फक्त गाठ आहे की नाही ते सांगतं. कसली आहे ते दवाखान्यातलं यंत्र सांगेल, सूक्ष्मदर्शक सांगेल. मऊ असो, कठीण असो, लेकीला घेऊन जा."

संध्याकाळी मावशी लेकीकडे धडकली. पण लेक कुणाची? ती ऐकते होय!

"रविवारी म्हणालीस दुधाची. आज म्हणतेस दवाखाना. आधी तुझं तू ठरव ना आई."

"रविवारी मी नीट बघितलं नव्हतं. तू आहेस हे मला माहीत होतं ना."

"म्हणजे? मी आहे हे माहीत नसलं की नीट बघतेस?"

"हो!"

"मी काय तुझी उंदरीण आहे?"

"उंदरिणी तुझ्यापेक्षा शहाण्या. गप्प पडून राहतात."

लेक हसली, पण अडून बसली ती बसलीच. शेवटी तिने पैज लावली. शेजारणीलाही तीन महिन्यांचं बाळ होतं, अंगाने दोघी सारख्या. "आम्ही दोघी झोपतो. तुझे डोळे बांधू. उंदीरखोलीसारखं बघ. तुझ्या बोटांनी माझी गाठ बिनचूक शोधून काढली, तर तू म्हणशील तिथे येईन."

"मग मीही झोपते," विहीणबाई आतून म्हणाल्या. "बघू तरी, ही बोटं खरंच चालतात की नुसतीच उंदरांना गुदगुल्या करतात."

रविवारी दुपारी मोठ्या पलंगावर तिघी आडव्या झोपल्या. चेहऱ्यांवर टॉवेल, अंगावर चादरी. कोण कुठे झोपणार हे मावशीला बाहेर उभं करून ठरवलं होतं. मावशीचे डोळे जावयाच्या मफलरने बांधले, हातमोजे तिने स्वतः चढवले, कारण त्यांच्याशिवाय तिला सुचत नसे. जावई दाराबाहेर स्टुलावर बसला, एका खांद्यावर बाळ, मांडीवर वही. दार इंचभर उघडं. घड्याळवाल्याचं अक्षर, मुंगीसारखं बारीक आणि सरळ.

"कुणी बोलायचं नाही, कुणी हसायचं नाही," मावशीने बजावलं. लगेच तिघीही हसल्या. पलंग गदगदला. पाच मिनिटं काम खोळंबलं.

मग मावशीने सुरुवात केली, आणि काय सांगावं, तिचा आवाजच बदलला. मंगळवारचा आवाज. "एक नंबर. दोन्ही बाजू भरलेल्या. गाठ नाही."

"गाठ नाही," जावयाने बाहेरून म्हटलं.

"दोन नंबर. डावी बाजू, काही नाही. उजवी बाजू, खाली. द्राक्षाएवढी. मऊ. कडा गोल. बोटाखाली सरकते."

"सरकते. लिहिलं."

"आई, जिंकलीस!" टॉवेल फेकून लेक उठून बसली. "दोन नंबर मीच! घे, उद्या येते दवाखान्यात." शेजारीणही उठली, तिच्या बाळाची भूक लागायची वेळ झाली होती. लेक चहा टाकायला निघाली. मावशीचा हात मफलरच्या गाठीकडे गेला. मऊ होती, सरकत होती. छातीवरचं मणभर ओझं उतरल्यासारखं तिला वाटलं. आता राहिलं काय? तीन नंबर कोण हे तर सांगायलाच नको. पलंग त्या बाजूला खाली गेलेला, गुडघ्याच्या मलमाचा वास येत होता, आणि टॉवेलखालून खुदुखुदू आवाज चालू होता. चार मुलांची आई. थट्टेला झोपलेली. हिला काय बघायचं?

हिला काय होतंय, लेकुरवाळी आहे.

मनात हे वाक्य उमटलं आणि मावशी दचकली. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. अठ्ठावन्न नंबरच्या पिंजऱ्यापुढे ती हेच म्हणाली होती. तिने मफलरवरचा हात खाली घेतला.

"बसा सगळ्या," ती म्हणाली. "रांग सोडायची नाही. तीन नंबर राहिलाय."

"अहो, पुरे," टॉवेलखालून विहीणबाई हसत म्हणाल्या. "गुदगुल्या होतात मला."

मावशीने ऐकलं नाही. उजवी बाजू, वरून खाली, बाहेरून आत. काही नाही. डावी बाजू. खाली, काही नाही. आत, काही नाही. वर, काखेकडे, तिची बोटं थांबली. पुढे गेली, परत आली. पुन्हा परत आली. खोलीतल्या दोघींचं हसू विरलं. विहीणबाईंचं मात्र चालूच होतं, कारण त्यांना काही दिसत नव्हतं.

मावशीला त्या क्षणी गप्प बसावंसं वाटलं. खोटं नाही सांगत. मग सांगू, चहा झाल्यावर सांगू, असं वाटलं. पण ती मंगळवारच्या आवाजातच म्हणाली, "तीन नंबर. डावी बाजू, वर, काखेकडे. वाटाण्याएवढी. कठीण. हलत नाही."

"वाटाण्याएवढी. कठीण. हलत नाही," बाहेरून जावयाने लिहिता लिहिता म्हटलं. पानाचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तीन नंबर म्हणजे कोण?"

शेजारणीने लेकीचा हात धरला.

"अगं, तीन नंबर कोण? नाव लिहायचंय."

टॉवेल बाजूला करून विहीणबाई हळूच उठून बसल्या. चादर नीट अंगाभोवती ओढली. "तुझी आई," त्या म्हणाल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी सगळी वरात दवाखान्यात गेली. लेकीच्या गाठीत खरोखरच दूध साठलं होतं. डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर बघितलं, सुईने काढून टाकलं, आणि बाळाला ती बाजूही पिऊ दे म्हणाल्या. मावशीला इतका आनंद झाला की तिला रडू फुटलं. आणि समोरच्या बाकावर विहीणबाई एकट्या पर्स मांडीवर धरून बसलेल्या दिसल्या, तेव्हा त्याच आनंदाची तिला लाज वाटली.

विहीणबाईंची गाठ दुधाची नव्हती. पण लहान होती, आणि कुठे पसरलेली नव्हती. ऑपरेशन झालं, गाठ काढली, किरणांचे शेक देऊन झाले. त्यांच्या गाठीला हार्मोनचं खाद्य लागत होतं, म्हणून ते तोडणारी एक छोटी गोळी रोज घ्यायला सांगितली. "वेळेवर आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला कळलं कसं?" विहीणबाई म्हणाल्या, "उंदरांकडून." डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहिलं नाही.

ह्या सगळ्या दिवसांत मावशी दवाखान्यात डबा न्यायची, बाळ सांभाळायची, पण विहीणबाईंच्या नजरेला नजर द्यायची नाही. ती बिस्किटांची बशी आणि ते सर्टिफिकेट तिला आतून खात होतं. मी बोलले नसते, तर ही बाई त्या तपासणीच्या गाडीत चढली असती. तीन महिन्यांनी, विहीणबाई घरात हिंडूफिरू लागल्यावर, एका मंगळवारी संध्याकाळी तिने धीर केला.

"विहीणबाई, माझी चूक आहे. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. कमी होतात म्हणाले. कमी म्हणजे नाही असं नव्हे, हे सांगितलंच नाही. आणि तुम्ही मिरवत होतात तेव्हा मी हसले."

विहीणबाई खुर्चीत बसून बाळाचे मोजे जोडीला लावत होत्या. एका मोज्याला जोडीदार सापडेना, तो त्यांनी शेवटी बाजूला ठेवला.

"खरं सांगू? मला राग आला होता तुमचा," त्या म्हणाल्या. "आठवडाभर आला. मग वाटलं, अर्धं तुम्ही सांगितलंत, पण विचारलं मीही नाही. गोड लागलं, गिळून टाकलं. चार पोरं झाली म्हणून मी कुणी देवमाणूस झाले होते की काय?" मग त्या हसल्या, तेच खुदुखुदू. "आणि तुम्ही त्या दिवशी चहाला उठला असतात, तर?"

मावशीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. विहीणबाईंनी तिला मनसोक्त रडू दिलं, मग खुर्चीच्या हातांना धरून उठल्या, पलंगावर जाऊन आडव्या झाल्या आणि चेहऱ्यावर टॉवेल ओढून घेतला.

"आता पुसा डोळे आणि घाला ते हातमोजे. डॉक्टरीणबाई त्यांच्या वेळेला बघतीलच. पण आज मंगळवार आहे. मी झाले की सूनबाई, मग शेजारीण. सांगून ठेवलंय मी त्यांना. आणि विहीणबाई, शेवटी तुम्ही. तुमची तपासणी कोण करतं हो?"

मावशी एक हातमोजा हातात, एक खाली, तशीच उभी राहिली. पंचवीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिचं तिलाही सुचलं नव्हतं.

"कुणी नाही," ती म्हणाली.

"मग मला शिकवा. पीठ मी पण मळलंय."

कोपऱ्यात बसलेला जावई उठला, बाळाला खांद्यावर घेतलं, वही शोधली, आणि दाराबाहेर स्टुलावर जाऊन बसला. नव्या पानावर त्याने एकाखाली एक चार आकडे घातले. चौथ्यापुढे त्याने आधीच लिहून ठेवलं, मावशी.